दगडवाले भावजी

देवाची उपकरणी अर्धी घासून झाली होती. निरांजन, पळी, पंचपात्री लख्ख झाली होती. घंटा, तांब्या आणि समई अंगाला चिंच लावून मोरीच्या कठड्यावर काळ्या तोंडानं वाट बघत होती. इतक्यात खालून सीतारामपंतांची हाक आली, "वहिनी, पाणी आवरा! तुमचं तीर्थ माझ्या जेवणाच्या ताटात पडतंय हो!"

आमची मोरी गळते, ही गिरगावात काही नवी बातमी नव्हे. खोताच्या वाडीच्या तोंडाशी आमचं लाकडी घर, वर आम्ही आणि खाली भाडेकरू सीतारामपंत. मोरीची जमीन मामंजींच्या हयातीपासून तडकलेली. मी नळ बंद केला आणि चिंचेचे हात तसेच धरून जिन्याकडे पाहिलं, तर जिन्यातून धापा टाकत एक गोणी वर येत होती. गोणीच्या खाली आमचे धाकटे दीर, श्यामकांतभावजी. हमालाला खालच्या दारात थांबवून जिन्यावरून गोणी त्यांनी हौसेनं स्वतः चढवली होती.

"वहिनी, बाजूला व्हा. सिमेंट आहे!"

सिमेंट म्हटल्याबरोबर सासूबाई जपाची माळ हातात घेऊनच बाहेर आल्या. दुसऱ्यांच्या घरी गंगेच्या गडूला जो मान असेल तो आमच्या घरी सिमेंटला आहे. तो का, हे सांगायचं तर भावजींची हकिगत पहिल्यापासून सांगायला हवी. उपकरणी राहू देत तशीच. देव समजून घेतील, त्यांना आमच्या घराची सवय आहे.

भावजी म्हणजे मामंजींचं शेंडेफळ. थोरले आमचे हे, सासूबाईंचा मनमोहन, शिकून वेळेवर कचेरीत चिकटलेले. मामंजी गोदीत हेडक्लार्क होते, त्यांचे वडील कलेक्टर कचेरीत. घराणंच टाकावर जगलेलं. अशा घरातल्या धाकट्या मुलानं कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, हे मामंजींना कळलं तेव्हा फी भरून झाली होती.

"भूगर्भ म्हणजे काय रे?"

"जमिनीच्या पोटात काय असतं त्याचा अभ्यास, बाबा."

"पोटात काय असतं ते बघायची एवढी हौस होती तर डॉक्टर व्हायचं होतंस. आणि दगड फोडायला युनिव्हर्सिटी कशाला? पाथरवटाकडे उमेदवारी कर, तो दुपारचं जेवायला तरी घालील."

पण फी भरली होती, आणि भरलेली फी सोडणं आमच्या घराण्यात पापात जमा. म्हणून भूगर्भ चालू राहिला. दर रविवारी भावजी हातोडी घेऊन कधी शिवडीला, कधी वरळीच्या टेकडीला जायचे आणि संध्याकाळी पिशवीभर दगड घेऊन यायचे. सासूबाई म्हणायच्या, "लोकांची मुलं येताना भाजी आणतात." प्रत्येक दगडावर भावजी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे, ठिपक्यावर शाईनं आकडा घालायचे आणि गॅलरीत फळीवर मांडून ठेवायचे. एक भिंग होतं, आणि ॲसिडची एक एवढीशी बाटली. एकदा माझ्या पाट्याला भिंग लावून म्हणाले, "वहिनी, हा पाटा सहा कोटी वर्षांचा आहे."

"तरीच," मी म्हटलं, "सारखी टाकी लावून घ्यावी लागते."

मामंजींचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकलेला, मोरीत. मोरीला एक गोणी सिमेंट पुरलं असतं. पण सिमेंट परमिटावर, आणि परमिट अर्जावर. मामंजींचं इंग्रजी इतकं देखणं की त्यांचे अर्ज वाचून कुणाचंही मन द्रवावं. ते कुणी वाचले नसावेत. इंग्रज होते तेव्हा लढाईमुळे नाही म्हणाले, स्वराज्य आल्यावर धरणांमुळे नाही म्हणाले. मामंजी दर चैत्रात नवा अर्ज करायचे आणि खाली सीतारामपंत दर चैत्रात पाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवायचे.

छप्पन साल उजाडलं ते आग घेऊनच. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. त्यातच मामंजी गेले. गोळीनं नव्हे, दम्यानं. पण दिवस ते होते. खांद्याला माणसं मिळाली तीही हातावर मोजण्याइतकी. स्मशानात भटजी मंत्राच्या मधेच, "आटपा, कर्फ्यू लागेल," असं त्याच सुरात म्हणत होते.

मडकं फोडायच्या वेळी जो दगड लागतो त्याला आपण अश्मा म्हणतो. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्या दगडाच्या आधारानं राहतो, म्हणून रोज त्यावर तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. ह्यांनी त्या घाईत पायाशी जो सापडला तो उचलला आणि रुमालात बांधून घरी निघाले. नाक्यावर हवालदारानं अडवलं. दगड घेऊन फिरणाऱ्याला त्या दिवसांत थेट गाडीत घालत.

"रुमालात काय आहे?"

"वडील," हे म्हणाले.

हवालदार आपल्यातलाच होता म्हणून सोडलं.

अश्मा घरात आणत नाहीत. गॅलरीच्या टोकाला मातीच्या परळात ठेवला. इकडे सासूबाईंनी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली होती. गोदीतल्या साहेबांनी निरोप दिला होता की अच्युतरावांच्या, म्हणजे मामंजींच्या, जागी एका मुलाला घेऊ, महिनाअखेर हजर व्हावं. "श्याम जाईल," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या मनात तेच होतं. दहावा झाला की कॉलेज बंद." भावजींची बी.एस्सी.ची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. सुतकात माणूस आईशी वाद घालत नाही, आणि सुतक संपायच्या आत तर नोकरी ठरायची होती. मी त्यांना एकदाच फळीवरच्या दगडांकडे बघताना पाहिलं. गावाला निघालेला माणूस गुरांकडे बघतो तसे बघत होते.

त्याच संध्याकाळी कुणीतरी ओरडत गेलं की ज्या गॅलरीत दगड दिसतील त्या घरातल्या पुरुषांना उचलून नेणार आहेत. खरं-खोटं कोण बघतो! ह्यांनी गोणपाट आणलं आणि फळीवरचं सगळं भूगर्भशास्त्र त्यात लोटलं. अश्म्याचं परळही त्यातच लोटलं. मामंजींना इतक्या दगडांबरोबर राहायची वेळ हयातीत आली असती तर त्यांनी घर सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिळाचं पाणी घालायला गेले, तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं. गोणपाट उपडं केलं. पांढऱ्या ठिपक्याचे दगड बाजूला काढले. बिनठिपक्याचे उरले पाच. चार भावजींनी शेवटच्या दोन रविवारी आणलेले, आकडे घालायचे राहिलेले; आणि एक मामंजी.

"मनू, कुठला रे?" सासूबाईंनी विचारलं.

"दगडासारखा होता."

"दगडासारखा होता म्हणजे?"

"आई, मी त्या वेळी रडत होतो की दगड बघत होतो?"

सासूबाईंनी मान वळवली. "श्याम, इतकी वर्षं फी भरून शिकतोस ना? मग सांग. ह्यातले तुझे बाबा कुठले?"

युनिव्हर्सिटीनं असला प्रश्न कुणाला घातला नसेल. भावजी खाली बसले, भिंग डोळ्याला लावलं. "हा वरळीचा, माझा. हाही वरळीचा. हे दोन शिवडीचे." मग पाचवा हातात घेतला आणि त्यांचे डोळे चमकले. लिहायला बरं वाटत नाही, पण सुतकात असे डोळे चमकू नयेत. राखाडी दगड, आत काळे काळे खडे रुतलेले. "वहिनी," ते माझ्या कानाशी पुटपुटले, "ज्वालामुखीच्या राखेत अडकलेले तुकडे असावेत. असा नमुना आमच्या प्रोफेसरांकडेही नाही." आणि खात्री करायला म्हणून त्यांनी बाटलीतला एक थेंब त्यावर टाकला.

दगड फसफसला. सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुडे काढत, बारीक सूं-सूं आवाज करत फसफसला.

भावजींचा चेहरा पडला. सासूबाईंनी मात्र माझा हात घट्ट धरला. "जीव आहे! बघ मनू, बघ, श्वास घेतायत! ह्यांच्या छातीतून असाच आवाज यायचा गं शेवटी!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग दोन्ही हात जोडले. आम्हीही जोडले. भावजींच्या हातात बाटली होती, त्यांनी एकच जोडला.

"पुन्हा घाल एक थेंब," सासूबाई म्हणाल्या.

"नको आई."

"बरं, नको. त्रास होईल त्यांना." मग त्या पदर सावरत म्हणाल्या, "शिकला हो माझा श्याम. वाया नाही गेलं." भावजींनी आशेनं वर पाहिलं. "गोदीतही असंच नाव काढील," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं.

त्या दुपारी मी बिनफोडणीचं वरण ढवळत होते. भावजी चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, तो दगड नाहीच."

"मग काय आहे?"

"सिमेंट. कुठलीतरी पायरी फुटलेली असणार, दादानं तिचाच तुकडा उचलला. आत रुतली आहे ती रस्त्यावरची खडी. फसफसलं ते बाबा नव्हेत, चुना."

"हळू बोला! आईंच्या कानावर जाईल." मी डाव खाली ठेवला आणि म्हटलं, "मग बिघडलं काय? आपण तांदळावर सुपारी ठेवतो, गणपती म्हणून बोलावतो, तो येतो. त्याला चालतं, मामंजींना नाही चालायचं?"

"सुपारी निदान सुपारी असते. आपण दगड म्हणून घेतलं आणि तो दगडच नाही. मूळ वस्तूच चुकली."

"दगडात जीव नसतो, असं गेल्या गणपतीत तुम्हीच मला समजावलं होतंत."

"नसतोच."

"मग जो दगडात नसतो तो सिमेंटातही नसला, तर तुमचं काय गेलं?"

हा विषय त्यांना परीक्षेला नव्हता. पण जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या आधी उठून भावजी स्वतः परळापाशी बसायला लागले. तीळ मोजल्यासारखे टाकायचे, पाण्याची धार मोडू द्यायचे नाहीत. मी रोज देवाचं करते, मला झोप लागत होती. ज्यांचा विश्वास नाही त्यांचं अवघड असतं. विश्वास ठेवायची सवय नसते, मग नुसती भीती उरते.

दहाव्याला पुरुष मंडळी बाणगंगेवर गेली. पुढचं मला ह्यांनी सांगितलं. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर भरपूर होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

हे पुढे झाले. "बाबा, श्यामला गोदीत चिकटवतो. तुमच्याच टेबलावर."

कावळे बसून राहिले.

"बाबा, श्यामचं लग्न करून देतो."

त्यातला एक कावळा उडूनच गेला. मग सीतारामपंतांना राहवेना. ते हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "अच्युतराव, काळजी करू नका, मुंबई महाराष्ट्रात येणार म्हणजे येणार!" शेजारच्या दोन पिंडांवरची माणसं "येणार!" म्हणून ओरडली. त्यांचे कावळेही उडाले. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, तसे भावजी उठले, पिंडाजवळ उकिडवे बसले आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलले. मग मागे सरले.

कावळा आला. मान वाकडी करून एकदा भावजींकडे बघितलं, आणि चोच मारली.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "शिवला?"

"शिवला," हे म्हणाले. आवाजात जरा नाराजी होती. थोरल्याचे दोन शब्द नाकारून कावळा धाकट्याच्या एका शब्दाला आला होता. "पण श्यामनं काहीतरी सांगितलं तेव्हा."

"काय सांगितलंस रे?"

भावजींनी जिन्याचा कठडा धरला. आमच्याकडे कुणाकडेच न बघता म्हणाले, "परीक्षा देईन म्हटलं."

सासूबाई मटकन पाटावर बसल्या. खूप रडल्या. "म्हणजे त्यांच्या मनात हेच होतं! आयुष्यभर बोलले एक आणि मनात हे!" गोदीतल्या साहेबांना नकार कळवायला त्याच दिवशी ह्यांनाच पाठवलं. साहेबांनी विचारलं कारण काय, तर ह्यांना खरं सांगता येईना. कावळ्याचं कारण गोदीच्या कागदावर बसत नाही.

मी भावजींना मागाहून एकटं गाठलं. "खरं काय सांगितलंत?"

"खरंच सांगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, बाबा, दादानं उचललं ते सिमेंट होतं. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही, क्षमा करा. पण निदान ह्या वेळी त्याला परमिट लागलं नाही."

गेलेल्याशी खरं बोलले आणि जित्यांशी खोटं. पोथ्यांत ह्याला काय म्हटलं आहे ते मी शोधणार होते, पण राहिलंच.

परीक्षेत सेकंड क्लास मिळाला. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष भावजींना नोकरी मिळाली नाही, कारण जमिनीच्या पोटात काय आहे ह्याची चौकशी मुंबईत कुणालाच नव्हती. मात्र मामंजींना दगडांतून ओळखून काढणारा मुलगा म्हणून त्यांची कीर्ती पार ठाकूरद्वारापर्यंत गेली होती. लोक मूतखडे पुडीत बांधून दाखवायला आणायचे. सीतारामपंतांची बेबी लग्न ठरल्यावर अंगठीतला पुष्कराज घेऊन आली. भावजींनी भिंग लावलं, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान आहे." ती हसत जिना उतरली. मी विचारलं, "खरा आहे?"

"काच आहे," भावजी म्हणाले. बी.एस्सी.त शिकले नव्हते तेवढं ते त्या गॅलरीत शिकले होते.

मग नोकरी मिळाली ती सौराष्ट्रात, सिमेंटच्या कारखान्यात. चुनखडीचा दगड कुठे किती खोल आहे ते शोधून द्यायचं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणता म्हणता ज्यांचा घसा बसला होता, त्यांना पोटासाठी देवानं तिकडे धाडलं. तेव्हा निदान राज्य एकच होतं. आता येत्या एक तारखेला महाराष्ट्र होतोय, गिरगावात पेढ्यांच्या ऑर्डरी गेल्यात, आणि भावजींची नोकरी परराज्यात राहणार. "मिळालं की नाही शेवटी?" सीतारामपंत त्यांना विचारतात. "मिळालं हो," भावजी म्हणतात, "माझ्याशिवाय."

तर ही गोणी. कारखान्यातल्या माणसांना वर्षाकाठी घरासाठी थोडं सिमेंट मिळतं, त्याची चिठ्ठी दाखवून भावजींनी ती इथल्या गोदामातून उचलली. सासूबाईंनी गोणीवर हात फिरवला. मग कुंकवाची कुयरी मागितली आणि गोणीला बोट लावलं.

"श्याम, हे कशाचं करतात रे?"

भावजींनी खिशातून पांढरट दगडाचा एक तुकडा काढला. "ह्याचं. भाजून, दळून." आणि सवयीनं, अगदी नुसत्या सवयीनं, बाटली काढून त्यावर एक थेंब टाकला.

फसफसलं. सूं-सूं आवाज आला.

मी चिंचेचे हात धरून उभी होते ती उभीच राहिले. भावजींच्या तोंडचा रंग गेला. सासूबाई त्या बुडबुड्यांकडे ते विरेपर्यंत बघत राहिल्या.

"म्हणजे तेव्हा ते..."

"हो आई," भावजी म्हणाले. "सिमेंट होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

सासूबाईंनी माळेचे दोन मणी ओढले.

"बघ," त्या शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिमेंटातूनच बोलले होते ते. श्यामनं पुढे काय करायचं ते तेव्हाच सांगत होते, आणि हा वेडा मुकाट्यानं ॲसिडची बाटली घेऊन बसला होता! शिकलेल्यांना उशिरा कळतं गं." मग भावजींना, "तोंड काय बघतोस? गोणी दमट होईल. मोरी कधी करायची?"

भावजींनी दगड खिशात टाकला.

"करू या, आई."

मी राहिलेली समई घासायला घेतली, नळ अगदी बारीक सोडून. भावजी चिंचपोकळीला निघालेत, भिवा गवंड्याला उद्या सकाळी येशील का म्हणून विचारायला.